किल्ली हातात देण्याआधी

मुलांचे वाढदिवस आपण लक्षात ठेवतो, पण आमच्या घरी सगळ्यात जास्त गाजला तो दिवस वाढदिवस नव्हताच. आमची लेक पंधरा वर्षं नऊ महिन्यांची झाली आणि त्याच संध्याकाळी तिनं वरणभाताच्या ताटाशेजारी एक कागद ठेवला. "आजपासून मला प्रोव्हिजनल लायसन्सचा अर्ज करता येतो. सोळा पूर्ण झाले की मोपेड चालवता येईल. मी सगळी माहिती काढलीय, तुम्ही फक्त वाचा."

कागदावर खरोखरच सगळं होतं. आम्ही राहतो ते मिडलंड्समधलं एक लहानसं गाव. कॉलेज सात मैलांवर, शेवटची बस साडेसहाला. शनिवारच्या नोकरीला जायला बसच नाही. गाडी शिकायला सतरा पूर्ण व्हावे लागतात, आणि त्या वयाच्या मुलांच्या कार इन्शुरन्सचे आकडे ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. थोडक्यात काय, तिचं म्हणणं बिनतोड होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका सुरात म्हणालो, "अजिबात नाही!"

आता गंमत अशी, की आम्ही दोघंही दुचाकीवरच मोठे झालो. आमच्यापैकी एक पुणेकर, दुसरी कोल्हापूरकरीण. पुणेकर बजाज चेतकवर शिकले, १९८९ साली, म्हणजे काकांनी मागे बसून "क्लच सोड, क्लच सोड" असं ओरडायचं आणि गाडी तीन आचके देऊन बंद पडायची. मग ती एका बाजूला तिरकी करायची, पुन्हा किक मारायची. कोल्हापूरकरीण लुनावर शिकली, पेडल मारत, रंकाळ्याच्या वाटेवर. आठवड्याभरात दोघांनाही "येते हो चालवता" असं प्रशस्तिपत्रक मिळालं. आरटीओत जमिनीला पाय न टेकता इंग्रजी आठ काढला, लायसन्स हातात पडलं. हेल्मेट? ते फौजेतले लोक घालतात अशी आमची समजूत होती.

मग लेकीला नाही का म्हणालो? कारण आम्हाला एक पाऊस आठवत होता. जूनमधला पहिला पाऊस. धुळीवर, सांडलेल्या तेलावर पाणी पडलं की रस्ता साबणासारखा होतो, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. कॉलेजातला आमचा एक जिवलग मित्र स्कूटरवरून घरी निघाला होता. वेग म्हणाल तर सायकलच्या थोडा वर. वळणावर गाडी घसरली आणि डोकं दुभाजकाच्या कडेवर आपटलं. तो वाचला. पण तीन महिने त्याला आपल्या आईचं नाव सांगता येत नव्हतं, आणि इंजिनिअरिंग त्याला कायमचं सोडावं लागलं. अंगावर दुसरी मोठी जखम नव्हती. आम्ही सगळ्यांनी नशिबाला बोल लावला. हेल्मेटचं नाव कोणी काढलं नाही.

ही गोष्ट आम्ही लेकीला कधी सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला कोणी नीट शिकवलं नव्हतं. मला नीट शिकू द्या." यावर काय बोलणार?

इथली पद्धत

आमची पहिली योजना अगदी पुणेरी होती. एक जुनी मोपेड घ्यायची आणि रविवारी सकाळी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवायची. ती लेकीनंच मोडीत काढली. ब्रिटनमध्ये १ डिसेंबर १९९० पासून 'कंपल्सरी बेसिक ट्रेनिंग', म्हणजे सीबीटी, केल्याशिवाय शिकाऊ माणसाला मोपेड रस्त्यावर नेता येत नाही. लोकांना खुल्या असलेल्या पार्किंगलाही वाहतुकीचे कायदे लागू होऊ शकतात. आईबापांनी शिकवायचंच असेल तर ते मालकाच्या परवानगीनं, संपूर्ण खासगी जागेत. सीबीटी मात्र मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडूनच व्हावी लागते.

ज्यांच्या घरी हा प्रश्न लवकरच उभा राहणार आहे त्यांच्यासाठी पायऱ्या थोडक्यात सांगतो. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची मोपेड, आणि तिचा वेग ताशी २८ मैलांवर जात नाही अशीच. सतराव्या वर्षी १२५ सीसीपर्यंत. सीबीटीचं सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं. तेवढ्या मुदतीत थिअरी आणि प्रॅक्टिकल परीक्षा पास झालं नाही, तर सीबीटी पुन्हा करायची. तोवर पुढेमागे 'एल' पाटी, मोटरवेवर बंदी आणि मागे कोणाला बसवायचं नाही. मोठ्या मोटरसायकलींच्या परीक्षा एकोणिसाव्या वर्षापासून पुढे.

सीबीटी ही परीक्षा नव्हे. दिवसभराचं शिक्षण असतं, आणि ते पाच भागांत होतं. आधी माहिती आणि डोळ्यांची तपासणी (वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे), मग गाडीची ओळख, मग बंद मैदानात चालवणं, मग रस्त्याच्या नियमांची चर्चा आणि शेवटी निदान दोन तास खऱ्या रस्त्यावर. मैदानात एका प्रशिक्षकाकडे जास्तीत जास्त चार विद्यार्थी, रस्त्यावर दोनच. कानात रेडिओ असतो, त्यावरून मागून येणारा प्रशिक्षक सूचना देतो.

आमच्या लेकीला पहिल्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं नाही. संध्याकाळी आम्ही घ्यायला गेलो तर चेहरा पडलेला. प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "हात चांगला आहे. पण उजवीकडे वळायच्या आधी खांद्यावरून मागे बघायचं दोनदा विसरली. आणखी एक दिवस येऊ दे." खरं सांगतो, आमच्या मनात पहिला विचार आला तो पैसे उकळण्याचा! घरी येताना गाडीत आम्ही तसं बोललोसुद्धा. मागच्या सीटवरून आवाज आला, "ते बरोबर बोलले. दुसऱ्यांदा विसरले तेव्हा मागून व्हॅन येत होती. त्यांनी रेडिओवर थांब म्हटलं म्हणून थांबले." पुढचे सात मैल आम्ही कोणीच बोललो नाही.

त्या मागे बघण्याला इथले शिकवणारे 'लाइफसेव्हर' म्हणतात, म्हणजे जीव वाचवणारी नजर. आरशात न दिसणारा एक कोपरा असतो आणि नेमकी तिथेच गाडी असते.

आमचं काम कोणतं?

मग आईबापांनी करायचं काय? नुसती फी भरायची? तसं नाही. हँडल कसं धरायचं ते प्रशिक्षक शिकवतो, पण रस्ता कसा वाचायचा ते एका दिवसात येत नाही. ते घरातच मुरावं लागतं, लोणच्यासारखं.

सोळा पूर्ण व्हायच्या आधीचे तीन महिने आम्ही एक खेळ सुरू केला. गाडीतून जाताना तिनं पुढच्या सीटवर बसायचं, फोन पिशवीत, आणि समोर काय होऊ शकेल ते मोठ्यानं बोलायचं. "डावीकडच्या गल्लीतून लाल गाडी डोकावतेय, ड्रायव्हरचं तोंड दुसरीकडे आहे." "बसच्या पुढून कोणी तरी धावत येईल." "त्या उभ्या गाडीत माणूस बसलाय, दार उघडेल." पहिल्या आठवड्यात ती दहा गोष्टी सांगायची आणि आम्हाला त्यातल्या चार दिसलेल्याच नसायच्या. तीस वर्षांच्या अनुभवाचा अभिमान असा गल्लोगल्ली उतरत गेला.

दुसरी तयारी सायकलवर. सरळ रेषेत जात असताना खांद्यावरून मागे बघायचं आणि सायकल तसूभरही हलता कामा नये. करून पाहा, वाटतं तितकं सोपं नाही.

आणि तिसरं काम सगळ्यात अवघड, ते म्हणजे आमच्या जुन्या सवयी तोंडावर न येऊ देणं. "पुढचा ब्रेक लावू नकोस हं, उलटशील!" हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आम्हीही ते म्हणालो. लेक परत येऊन म्हणाली, थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं. एकदम आवळायचा नाही, लिंबू पिळल्यासारखा हळूहळू दाबत जायचा. दोन्ही ब्रेक वापरायचे, ओल्या रस्त्यावर आणखी हलक्या हातानं, आणि वळण सुरू व्हायच्या आधी वेग कमी करायचा.

दुसरं आपलं वाक्य, "कडेकडेनं चालव." तेही चूक. कडेला गटारांची झाकणं, खडी, पाचोळा, उघडणारी दारं. आणि आपण कडेला गेलो की मागच्या गाडीला वाटतं, चला, घुसायला जागा आहे. आपल्या लेनच्या साधारण मध्यावर, दिसेल असं चालवायचं. मागे कोणी घाईत असेल तर सुरक्षित जागा बघून बाजूला व्हायचं, त्याला जाऊ द्यायचं. तिसरा आपला भरवसा हॉर्नवर. पुण्यात हॉर्न म्हणजे 'मी आहे' अशी हजेरी. इथे समोरच्यानं आपल्याला पाहिलंच नाही असं धरून चालायचं. चौकात तो आपल्याकडे बघत असला तरी त्याला मोपेड दिसलीच असेल याची खात्री नाही, कारण त्याचे डोळे गाडी शोधत असतात.

आणखी एक बारीक गोष्ट. कारचा इंडिकेटर वळण झालं की आपोआप बंद होतो, मोपेडचा सहसा होत नाही. तो चालू राहिला तर पुढच्या गल्लीतल्या ड्रायव्हरला वाटतं ही आत वळणार, आणि तो निर्धास्त बाहेर येतो. म्हणून वळण झालं की अंगठ्यानं बटण दाबायचं. आमच्या घरी तो महिनाभर परवलीचा शब्द होता: "अंगठा!"

अंतराचा हिशेब हायवे कोडमध्ये दिलेला आहे. ताशी २० मैल वेग असेल तर थांबायला १२ मीटर लागतात, ३० ला २३ मीटर. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. आम्ही घरासमोरच्या रस्त्यावर २३ मीटर पावलांनी मोजून दाखवले. शेजाऱ्यांनी पडद्याआडून पाहिलं असणार. पण तो आकडा पुस्तकापेक्षा पायांना जास्त कळला.

डोक्यावरचं

ब्रिटनमध्ये मोटरसायकलवर हेल्मेट सक्तीचं झालं १९७३ साली. पण 'हेल्मेट आहे' आणि 'हेल्मेट बसतं' यात फरक आहे. भुवयांच्या जरा वरून टेपनं डोकं मोजायचं. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट धरून हलवलं तर गालाची कातडी त्याबरोबर हलली पाहिजे. बंद लावून मागची कड वर ढकलून पाहायची, निघता कामा नये. आमची लेक अंबाडा घालते. त्यावर हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून मानेपाशी खाली वेणी, हा नियम झाला. सरकारची 'शार्प' नावाची योजना हेल्मेटना एक ते पाच तारे देते. खरेदीआधी जरूर पाहावी. महागात जास्त तारे असतातच असं नाही. कोणाचं वापरलेलं हेल्मेट मात्र घेऊ नये, ते आधी आपटलंय का ते बाहेरून कळत नाही.

जाकीट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट हे कायद्यानं सक्तीचं नाही. आम्ही ते घरच्या कायद्यात घातलं. मोपेड सेकंडहँड आणि कपडे नवे, असं आमचं अंदाजपत्रक ठरलं.

घरचे बाकीचे कायदे फ्रिजवर लावले. हेल्मेटचा बंद लागल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. कानात गाणी नाहीत. मागे कोणीही बसणार नाही, कितीही जिवलग मैत्रीण असली तरी. खाणं पोचवण्याची नोकरी नाही (त्याला वेगळा इन्शुरन्स लागतो, आणि घड्याळाशी शर्यत असते). बर्फ, दाट धुकं किंवा नुसतं "आज नको वाटतंय" एवढं पुरे. फोन करायचा, आम्ही न्यायला येऊ, एक शब्द न बोलता.

त्याखाली तिनं आमच्यासाठी दोन कलमं लिहिली. पहिलं, ती रस्त्यावर असताना आम्ही फोन करायचा नाही. दुसरं, "लवकर ये" म्हणायचं नाही. "नीट ये" म्हणायचं. आम्ही सही केली. वाचकहो, पहिलं कलम पाळणं किती कठीण आहे ते खिडकीशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

नोव्हेंबर

सर्टिफिकेट मिळालं सप्टेंबरात. नोव्हेंबरात एका संध्याकाळी तिचाच फोन आला. "आई, मी ठीक आहे. आधी ते ऐक. मी पडलेय."

पेट्रोल पंपाजवळचा राउंडअबाउट, ओला रस्ता, त्यावर सांडलेलं डिझेल आणि पाचोळा. वेग पंधरा मैलांच्या आतबाहेर. चाक निसटलं आणि ती उजव्या कुशीवर घसरत गेली. मागची गाडी अंतर ठेवून होती म्हणून थांबली. आम्ही पोचलो तेव्हा ती फुटपाथवर बसली होती, कोणीतरी चहा आणून दिला होता. उजव्या हातमोज्याचा तळवा फाटलेला, आतला हात शाबूत. जाकिटाचं कोपर घासून पांढरं झालेलं. हेल्मेटच्या बाजूला अंगठ्याएवढा लांब ओरखडा.

आम्ही दोघंही त्या ओरखड्याकडे बघत राहिलो. आमच्या मित्राचाही रस्ता असाच ओला होता, वेगही जवळजवळ एवढाच होता. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं, एवढाच काय तो फरक. दुसऱ्या दिवशी ते हेल्मेट बाद केलं, नवं आणलं. जुनं मात्र टाकवलं नाही. गॅरेजमध्ये खुंटीला आहे.

आणि पुणे

गोष्ट इथे संपली असती तर आम्ही शहाणे ठरलो असतो. पण डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो.

पहिल्याच संध्याकाळी लेकीच्या काकांनी कौतुकानं तिच्या हातात गाडीची किल्ली ठेवली. "तिकडे चालवतेस ना? मग जा, कोपऱ्यावरून बाकरवडी घेऊन ये." ती म्हणाली, "काका, मला इथे चालवता येणार नाही. माझं लायसन्स इथे चालत नाही आणि मी अठराची नाही." सगळे हसले. "साहेबाच्या देशातली गं बाई!"

तिचं म्हणणं कायद्याला धरून होतं. भारतात सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते, तीही लायसन्स काढून. घरोघरी दिसणाऱ्या ११० सीसीच्या स्कूटरना अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. मागे बसणाऱ्यालाही, चार वर्षांवरच्या मुलापासून पुढे, हेल्मेट सक्तीचं आहे. अर्थात पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटची कारवाई कडक झाली तेव्हा विरोधात मोर्चे निघाले होते, हेही आपल्याला ठाऊक आहे.

लेकीची बाजू सावरायला आमच्यातले पुणेकर पुढे झाले. किल्ली घेतली, स्कूटरवर बसले आणि ऐटीत म्हणाले, "चल, बस मागे. मी नेतो." ती जागची हलली नाही.

"बाबा, हेल्मेट?"

"अगं, इथल्या इथे तर जायचंय."

"मी पडले तेपण इथल्या इथेच होतं." आणि मग अगदी हळू आवाजात, "तुमचं लायसन्स अजून चालू आहे?"

१९९० साली काढलेलं वीस वर्षांचं लायसन्स. हिशेब करायला कोणाला वेळ लागला नाही. अंगणात एकदम शांतता पसरली. मित्राची गोष्ट सांगून तिला घाबरवणारे आम्ही, फ्रिजवर कायदे लावणारे आम्ही, विमानातून उतरून एक दिवस झाला नाही तो पुन्हा १९८९ सालात जाऊन बसलो होतो. किल्ली काकांना परत दिली. बाकरवडी आणायला तिघंही पायी गेलो. दहा मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी आयएसआय मार्कची दोन हेल्मेट घेतली (२०२१ च्या जूनपासून तो मार्क नसलेली विकायला बंदी आहे) आणि काकांकडे ठेवून आलो. उपदेश केला नाही. करायला तोंडच नव्हतं.

आपल्यापैकी बरेच जण सुट्टीत मुलांना घेऊन भारतात जातो, आणि तिथे सगळं चालतं म्हणून चालवून घेतो. मूल मात्र बघत असतं. हेल्मेट डोक्यासाठी आहे की दंडासाठी, हे त्याला आपल्या भाषणातून कळत नाही. कोपऱ्यावर जाताना आपण काय करतो त्यावरून कळतं. तेव्हा किल्ली मुलाच्या हातात देण्याआधी ती आपल्या हातात कशी असते, ते एकदा तपासून पाहावं. आमचं तपासणं जरा उशिरा झालं, इतकंच.

परवा पुण्याला फोन केला तेव्हा लेकीनं चुलतभावाची चौकशी केली. काका म्हणाले, "घालतो हो हेल्मेट! चौकातल्या कॅमेऱ्याच्या भीतीनं घालतो." लेक म्हणाली, "चालेल. भीतीनं का होईना." मग जाकिटाची चेन ओढून ती कॉलेजला निघाली.

आम्ही दारातून म्हणालो, "नीट ये."